वही दाखवा म्हणणारा खेळाडू



गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब लेखन. पहिली चार सूत्रं बायका खणखणीत आवाजात सांगतात. पाचव्याला मात्र आवाज खाली येतो. कारण हिशेब लिहिणारी एक असते आणि बाकीच्या नऊजणी म्हणतात, "तिला येतंय ना, मग झालं." वही दाखव म्हटलं तर तिला वाईट वाटेल, संशय घेतला असं होईल, अशी भीती मनात असते. आम्ही गावोगावच्या बैठकांना जातो तेव्हा ही भीती आम्हाला सगळीकडे दिसते.

म्हणून आज आम्ही तुम्हाला एका खेळाडूचा इतिहास सांगणार आहोत. त्याचं नाव टेड लिंडसे. तो कॅनडात जन्मला आणि अमेरिकेत खेळला. त्याचा खेळही आपल्या ओळखीचा नाही, बर्फावरची हॉकी. पण त्याने आयुष्यात जो प्रश्न विचारला, तो आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, आमच्या पगारातून पैसे कापता, तर त्याची वही आम्हाला दाखवा.

आधी खेळ समजून घेऊ. आपली हॉकी मैदानावर चेंडूने खेळतात. आइस हॉकी गोठवलेल्या बर्फाच्या गुळगुळीत मैदानावर खेळतात. पायात धारदार पात्याचे बूट असतात, त्यांना स्केट म्हणतात. चेंडूऐवजी रबराची जाड, चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. एका वेळी एका संघाचे सहाजण बर्फावर असतात. त्यातला एक गोल राखतो, दोघं मागे बचाव करतात आणि तिघं पुढे चढाई करतात. त्या पुढच्या तिघांना फॉरवर्ड म्हणतात. गोल करायचं काम मुख्यतः त्यांचं. खेळ फार वेगाचा आणि धसमुसळा. धक्का मारणं, फळ्यांवर आदळणं, हे सगळं त्यात आलंच. आपल्या देशात लडाखमध्ये थंडीत तळी गोठली की हा खेळ खेळतात. कॅनडात मात्र तो घराघरातला खेळ आहे.

टेड लिंडसेचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, रेनफ्र्यू या गावी झाला. नऊ भावंडांत तो शेंडेफळ. वडील बर्ट लिंडसे हेही त्यांच्या काळातले व्यावसायिक गोलरक्षक होते. पुढे हे कुटुंब किर्कलंड लेक या सोन्याच्या खाणींच्या गावी राहायला गेलं. तिथे हिवाळा लांब आणि कडक. मुलं शाळेतून आली की बर्फावर. टेड तिथेच खेळायला शिकला.

तो अंगाने थोराड नव्हता. उंची पाच फूट आठ इंच. या खेळात तशी कमीच. पण जिद्द अशी, की आपल्याहून दांडग्या माणसाला तो कधी वाट देत नसे. १९४४ साली ओशावा जनरल्स या संघाबरोबर त्याने कॅनडाच्या तरुण खेळाडूंची मोठी स्पर्धा, मेमोरियल कप, जिंकली. त्याच वर्षी, वयाच्या १९व्या वर्षी, तो थेट नॅशनल हॉकी लीगमध्ये दाखल झाला. संघ होता डेट्रॉइट रेड विंग्स.

त्या काळी या लीगमध्ये फक्त सहा संघ होते. कॅनडातले मॉन्ट्रियल आणि टोरांटो. अमेरिकेतले डेट्रॉइट, शिकागो, बॉस्टन आणि न्यूयॉर्क. सहा संघ म्हणजे जागा थोड्या. पोरं मात्र हजारो. कुणी कुरकुर केली की त्याच्या जागी दुसरा तयार. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या कथेचं मूळ इथे आहे.

लिंडसे डाव्या बाजूचा फॉरवर्ड होता. मधे सिड एबल आणि उजवीकडे गॉर्डी हाऊ. डेट्रॉइट हे मोटारी बनवणारं शहर. कारखान्यात एकामागून एक गाड्या बाहेर पडाव्यात तसे हे तिघं गोल करत, म्हणून लोकांनी या तिकडीला 'प्रॉडक्शन लाइन' असं नाव दिलं. १९४९-५०च्या हंगामात संपूर्ण लीगमध्ये गुणांच्या यादीत पहिले तीन क्रमांक या तिघांचेच होते. पहिला लिंडसे. त्याचे ७८ गुण होते. स्वतः केलेले २३ गोल आणि दुसऱ्याला करून दिलेले ५५. या खेळात गोल करणाऱ्याला जसा एक गुण, तसाच त्याला पक नेऊन देणाऱ्यालाही एक गुण. आम्हाला ही पद्धत फार आवडली. ताटात वाढणारी दिसते, पण चुलीपुढची दिसत नाही, असं त्यांनी होऊ दिलं नाही.

या लीगमधला सगळ्यात मोठा चषक म्हणजे स्टॅनली कप. डेट्रॉइटने तो १९५०, १९५२, १९५४ आणि १९५५ असा चार वेळा जिंकला. १९५०च्या विजयानंतर लिंडसेने एक वेगळी गोष्ट केली. तोवर चषक मेजावर ठेवत, भाषणं होत आणि संपे. लिंडसेने तो उचलला आणि मैदानाच्या कडेकडेने स्केटवरून फिरवला. तिकीट काढून आलेल्या लोकांना तो जवळून पाहता यावा, एवढाच त्याचा हेतू. आज जिंकणारा प्रत्येक संघ तसंच करतो. ती रीत लिंडसेपासून पडली असं मानतात.

पण त्याला सगळे मऊ स्वभावाचा म्हणत असतील असं समजू नका. त्याचं टोपणनाव होतं 'टेरिबल टेड', म्हणजे भयंकर टेड. तो भांडखोर होता, धक्के देई आणि घेई. चेहऱ्यावर टाक्यांचे व्रण. १९५६मध्ये टोरांटोला सामना होता. लिंडसे आणि हाऊ मैदानात उतरले तर गोळी घालू, असा धमकीचा निरोप आला. दोघं उतरले. लिंडसेने जादा वेळेत विजयी गोल केला आणि सामना संपल्यावर हातातली काठी बंदुकीसारखी धरून प्रेक्षकांवर रोखल्याची नक्कल केली. असा हा माणूस. १९५२ ते १९५६ तो डेट्रॉइटचा कर्णधार होता.

आता पैशांकडे वळू.

खेळाडूची कमाई तरुणपणाची. गुडघा गेला, खांदा निखळला की नोकरी संपली. बहुतेकांचं शिक्षण अर्धवट, कारण सोळाव्या-सतराव्या वर्षी खेळात पडलेले. म्हणून १९४७ साली लीगने पेन्शन योजना सुरू केली. म्हातारपणासाठी प्रत्येक खेळाडूने वर्षाला ९०० डॉलर भरायचे. ही रक्कम लहान नव्हती. पुढे १९५८मध्ये किमान पगार ७,००० डॉलर ठरला. तो धरला तरी ९०० डॉलर म्हणजे पगाराचा जवळजवळ आठवा हिस्सा. मालकांच्या बाजूने खेळाडूंच्या एका खास सामन्याच्या तिकिटांचा वाटा आणि बाद फेरीच्या तिकिटांतून थोडे पैसे यायचे.

लिंडसेला या योजनेच्या मंडळावर खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून घेतलं. मॉन्ट्रियलचा बचावपटू डग हार्वी दुसरा प्रतिनिधी. आता गंमत बघा. मंडळावर नाव आहे, बैठकीला बोलावतात, सही घेतात. पण फंडात किती जमले, कुठे गुंतवले, किती वाढले, हे विचारलं की उत्तर नाही. लिंडसेने हिशेब बघायला मागितला. मिळाला नाही.

मैत्रिणींनो, कागदावर पद आणि हातात काही नाही, ही अवस्था आपल्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक आहे.

त्याच सुमाराला लिंडसेची बॉब फेलर या बेसबॉल खेळाडूशी बोलणी झाली. बेसबॉल हा अमेरिकेतला चेंडूफळीचा खेळ. त्या खेळाडूंची स्वतःची संघटना होती, वकील होते, आणि सामने टीव्हीवर दाखवण्याचे जे पैसे येत त्यातला भाग त्यांच्या पेन्शनमध्ये पडत होता. हॉकीचेही सामने आता अमेरिकेत टीव्हीवर दिसू लागले होते. ते पैसे कुणाला मिळतात? लिंडसेच्या मनात हा प्रश्न बसला.

संघटना करायची तर सहाही संघांतल्या खेळाडूंशी बोलायला हवं. पण ते परस्परांशी बोलत नसत. मैदानातलं वैर बाहेरही पाळायचं, विरुद्ध संघातल्या माणसाशी दोस्ती करायची नाही, असा दंडक होता. लिंडसे आणि हार्वी यांचं तर मैदानावर विळ्याभोपळ्याचं सख्य. करार प्रत्येकाचा वेगळा आणि गुप्त. शेजारी बसणाऱ्याला किती पगार मिळतो हे माहीत नाही. शिवाय एकदा करार केला की तो संघ सोडेल तेव्हाच खेळाडू सुटणार, त्याला स्वतःहून दुसरीकडे जाता येत नसे. वाड्यावरच्या सालगड्यासारखंच म्हणा ना. बायकांना एकमेकींशी बोलू दिलं नाही की प्रत्येकीला वाटतं, हे दुखणं माझ्या एकटीचंच. तसंच त्यांचं झालेलं.

पेन्शनच्या बैठकांतून लिंडसे आणि हार्वी बोलायला लागले, आणि दोघांना कळलं की दोघांची तक्रार एकच आहे. मग त्यांनी प्रत्येक संघात एकेक भरवशाचा माणूस शोधला. बॉस्टनमध्ये फर्न फ्लॅमन, न्यूयॉर्कमध्ये बिल गॅड्सबी, शिकागोत गस मॉर्टसन, टोरांटोत जिम थॉमसन. सगळे नावाजलेले खेळाडू. गुपचूप काम चाललं. प्रत्येकाने शंभर डॉलर वर्गणी काढली. लीगमधल्या जवळपास सगळ्या खेळाडूंनी सह्या केल्या. ११ फेब्रुवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जाहीर केलं, की आमची संघटना झाली आहे. अध्यक्ष टेड लिंडसे.

हे धाडस लिंडसेला का जमलं? तो संघाचा मोठा खेळाडू होता, हे एक कारण. त्याहून महत्त्वाचं दुसरं. त्याने आणि संघातल्या मार्टी पॅव्हेलिच या सोबत्याने मोटार कारखान्यांशी संबंधित स्वतःचा धंदा सुरू केला होता. उद्या खेळ सुटला तरी चूल पेटणार होती. ज्याच्या हातात स्वतःची चार पैशांची मिळकत आहे, त्याच्या तोंडातून शब्द फुटतो. आपण शेळी, पिठाची गिरणी, शिलाई मशीन कशासाठी घेतो, त्याचं हेही एक उत्तर आहे.

आणि एक गोष्ट नीट ऐका. त्या १९५६-५७च्या हंगामात लिंडसेचा खेळ ढासळला नव्हता. त्याने ३० गोल केले आणि ५५ करून दिले. एकूण ८५ गुण. गोल करून देण्यात तो लीगमध्ये पहिला होता. म्हणजे पुढे जे झालं ते खेळ बिघडला म्हणून झालं, असं कुणालाच म्हणता येणार नाही.

डेट्रॉइटचे व्यवस्थापक होते जॅक ॲडम्स. ते संतापले. त्यांनी वार्ताहरांना एक करार दाखवला. त्यात लिंडसेचा पगार होता त्याहून कितीतरी मोठा आकडा होता. तो करार खोटा होता. हेतू हा, की लोकांनी म्हणावं, एवढं मिळतं तरी याचं पोट भरत नाही. जो हिशेब मागतो त्यालाच हावरा ठरवायचं, ही युक्ती जुनी आहे.

जुलै १९५७मध्ये लिंडसेला शिकागोला पाठवून दिलं. शिकागो हा तेव्हा लीगमधला सगळ्यात कमजोर संघ. डेट्रॉइट आणि शिकागो दोन्ही संघांची मालकी नॉरिस घराण्यातल्या भावांकडे होती. लिंडसेबरोबर ग्लेन हॉल हा उत्तम तरुण गोलरक्षकही गेला. टोरांटोचे मालक कॉन स्माइथ यांनी जिम थॉमसनलाही शिकागोलाच धाडलं. संघटनेचे पुढारी वेचून काढायचे आणि कमजोर संघात टाकायचे, म्हणजे बाकीचे आपोआप गप्प बसतील.

आणि बाकीचे खरंच गप्प बसले. नोव्हेंबर १९५७मध्ये डेट्रॉइटच्याच खेळाडूंनी संघटनेतून माघार घेतली. गॉर्डी हाऊ, लिंडसेचा इतक्या वर्षांचा जोडीदार, लीगमधला सगळ्यात मोठा खेळाडू. तोही त्यावेळी उभा राहिला नाही. आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. पोरंबाळं असतात, घराचा हप्ता असतो, मालकाची भीती असते. बैठकीत मान डोलावणाऱ्या सगळ्याजणी तहसील कचेरीच्या दारात सोबत असतातच असं नाही, हे आपल्यालाही माहीत आहे.

लिंडसेने कामगार मंडळाकडे तक्रार केली होती, न्यायालयात दावा लावला होता. पण माणसं पांगली तसं बळ ओसरलं. फेब्रुवारी १९५८मध्ये तडजोड झाली. मालकांनी किमान पगार ७,००० डॉलर मान्य केला, पेन्शनमध्ये आपला वाटा वाढवला, दवाखान्याच्या खर्चात थोडी सुधारणा केली. त्या बदल्यात संघटना मिटली. वही मात्र दाखवली नाहीच.

मग लिंडसे हरला का? एका अर्थी हरला. बत्तिशीच्या आत, भर बहरात त्याचा संघ सुटला. शिकागोत तीन हंगाम खेळून १९६० साली तो निवृत्त झाला. पण डेट्रॉइटलाही ते लाभलं नाही. १९५५नंतर त्यांना पुन्हा स्टॅनली कप मिळायला १९९७ साल उजाडलं. मधे ४२ वर्षं गेली. उलट शिकागोने १९६१मध्येच तो जिंकला, आणि गोल राखायला होता तोच ग्लेन हॉल.

१९६४ साली, वयाच्या ३९व्या वर्षी, लिंडसे पुन्हा डेट्रॉइटच्या गणवेशात उतरला. त्याचा जुना जोडीदार सिड एबल आता प्रशिक्षक होता. लोक हसले. पण लिंडसेने त्या हंगामात १४ गोल केले आणि त्या वर्षी साखळीत डेट्रॉइट पहिलं आलं. मग तो कायमचा थांबला. एकूण १७ हंगाम, १,०६८ सामने, ३७९ गोल आणि ८५१ गुण.

आता जी गोष्ट सांगणार आहोत, ती आपल्या विशेष जिव्हाळ्याची. १९६६ साली लिंडसेचं नाव हॉकीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये निवडलं गेलं. म्हणजे या खेळातला कायमचा मान. त्यासाठी मोठी मेजवानी असे. पण तिला फक्त पुरुषांना प्रवेश. खेळाडूच्या बायकोला आणि मुलांना आत जागा नाही. लिंडसे म्हणाला, माझी बायको आणि मुलं येऊ शकत नसतील तर मीही येणार नाही. आणि तो गेला नाही. आयुष्यभराचा सन्मान, पण तो घ्यायला हा माणूस हजर नाही. पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि खेळाडूंच्या घरच्यांना बोलावणं जाऊ लागलं.

आम्हाला वाटतं, या दोन्ही वेळी तो एकच गोष्ट मागत होता. पैसे आमचे तर वही आमच्यासमोर उघडा. मान आमचा तर ज्यांनी घर सांभाळलं त्यांना दाराबाहेर ठेवू नका.

संघटनेचं पुढे काय झालं? १९६७ साली खेळाडूंची संघटना पुन्हा उभी राहिली, आणि या वेळी ती टिकली. तिचा कारभार ॲलन ईगलसन नावाच्या वकिलाच्या हाती गेला. हुशार, बोलका, मोठमोठ्या लोकांत वावरणारा. खेळाडूंना वाटलं, आता आपला माणूस आहे, आता काळजी नाही. पंचवीसेक वर्षं सगळा कारभार त्याच्या हाती होता. आणि इथेच ते फसले. मालकाची वही मागायची हे ते शिकले होते. आपल्याच माणसाची वही मागायला मात्र विसरले.

१९९१पासून अमेरिकेतल्या एका लहान शहराच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर रस कॉनवे याने ईगलसनच्या कारभाराचे धागे उकलायला सुरुवात केली. पुढे खटले झाले. जानेवारी १९९८मध्ये ईगलसनने अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडच्या न्यायालयांत फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. ज्याला खेळाडूंनी डोक्यावर घेतलं होतं, त्याला हॉल ऑफ फेममधून बाहेर पडावं लागलं.

आणि ती पेन्शनची वही? ती शेवटी उघडली. कार्ल ब्रुअर नावाचा एक निवृत्त खेळाडू होता. त्याची जोडीदार सुझन फॉस्टर. पेन्शन इतकी कमी का येते, हा प्रश्न या दोघांनी धरून ठेवला. फॉस्टरने कागद गोळा केले, पत्रं लिहिली, नियमावल्या वाचून काढल्या. त्यातून लक्षात आलं, की फंडात मोठी शिल्लक पडली आहे आणि ती लीग आपल्या सोयीने वापरत आहे, म्हाताऱ्या खेळाडूंच्या हातात ती येत नाही. १९९१ साली सात निवृत्त खेळाडू न्यायालयात गेले. त्या सातांत ब्रुअर होता, ॲन्डी बाथगेट होता, आणि हो, गॉर्डी हाऊही होता. १९५७ साली जो उभा राहिला नव्हता, तोच म्हातारपणी आपल्या पेन्शनचा हिशेब मागायला उभा राहिला. इतकी वर्षं एवढं खेळून हातात पडणारी पेन्शन त्यालाही तुटपुंजी वाटली होती.

ऑक्टोबर १९९२मध्ये ओंटारिओच्या न्यायालयाने निकाल दिला. ती शिल्लक खेळाडूंची आहे. लीगने अपील केलं. १९९४मध्ये तेही फेटाळलं गेलं. चार कोटी डॉलरहून जास्त रक्कम जुन्या खेळाडूंना मिळाली. लिंडसेने वही मागितल्याला तोवर पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती. ज्यांनी १९४७पासून वर्षाला ९०० डॉलर भरले, त्यातले कितीतरीजण तोवर वारले होते. उशिरा उघडलेल्या वहीचा तोटा असा असतो. व्याजासकट पैसे परत आले तरी गेलेली माणसं येत नाहीत.

लिंडसे मात्र हे सगळं बघायला होता. १९९१ साली डेट्रॉइटने त्याचा ७ नंबर मानाने कायमचा राखून ठेवला, तो आता त्या संघात कुणी घालत नाही. ज्या संघाने त्याला घालवलं, त्याच संघाच्या मैदानात २००८ साली त्याचा पुतळा उभा राहिला. २०१०मध्ये खेळाडूंच्या संघटनेने आपल्या सगळ्यात मोठ्या पुरस्काराला टेड लिंडसेचं नाव दिलं. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू कोण, हे या पुरस्कारासाठी खेळाडू स्वतःच मत देऊन ठरवतात. ४ मार्च २०१९ रोजी, ९३व्या वर्षी तो गेला.

मैत्रिणींनो, या इतिहासातून आपल्या गटासाठी काय घ्यायचं ते आम्ही थोडक्यात सांगतो.

पहिलं, हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे. ज्याचा पैसा त्याची वही. वही सगळ्यांसमोर वाचली तर लिहिणारीचंही रक्षण होतं. उद्या कुणी तिच्यावर बोट दाखवलं तर बाकीच्या नऊजणी सांगू शकतात, आम्ही दर महिन्याला ऐकलंय.

दुसरं, पुढे होऊन बोलणाऱ्या बाईला एकटं पाडू नका. लिंडसेला मालकांनी शिकागोला पाठवलं हे खरं, पण संघटना मिटली ती सोबतीची माणसं मागे सरली तेव्हा. आणि ज्या हिशेबाला तेव्हा पाठ फिरवली, त्याच्या मागे त्यांनाच म्हातारपणी न्यायालयापर्यंत जावं लागलं.

तिसरं, आपला माणूस आहे म्हणून वही बंद ठेवू नका. मालक असो, वकील असो, अध्यक्षबाई असो की आमच्यासारख्या समन्वयक असोत. आम्हालाही विचारा. आम्ही रागावलो तरी विचारा.

आणि चौथं, वाचायला येत नाही म्हणून मागे राहू नका. सुझन फॉस्टर खेळाडू नव्हती, त्या फंडात तिचा एक पैसा नव्हता. तिने कागद समोर घेतले आणि कळेपर्यंत वाचले. आपल्या गटात एखादी दहावी झालेली सून असते, एखादी कॉलेजला जाणारी लेक असते. तिच्याकडून वही मोठ्याने वाचून घ्या. जमा किती, कर्ज कुणाकडे किती, बँकेत किती, हातात शिल्लक किती. हे चार आकडे बैठक संपताना प्रत्येकीला तोंडपाठ सांगता आले पाहिजेत, पंचसूत्री येते तसे.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करून बघा. वही मधे ठेवा, पासबुक शेजारी ठेवा, आणि हजेरी घेतल्यावर पहिलं काम तेच करा.